सुप्याच्या दंग्यावरचा २२ पानी निबंध, त्याचं पुस्तक आणि ट्रॉपी

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये जुन्या कागदांचे शेकड्यांनी फोटो साठले आहेत, त्यांनी ट्रॉपी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ते कागदांचे फोटो नोंदींसह लावून ठेवतं, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. निबंध लिहिला तेव्हा मला त्याची गरज पडली नव्हती. त्याच निबंधाचं पुस्तक करायला बसले तेव्हा मात्र त्याच्याशिवाय माझं पान हललं नसतं. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे छापून आलेला एखादा शोधनिबंध आहे आणि ज्यांना कोणी ना कोणी सारखं म्हणतंय, "मॅडम, याचं पुस्तक करा की."

मी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझा निबंध १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर होता. १२ मे १८७५, बुधवार, सुप्याचा बाजाराचा दिवस. तेव्हा हे गाव भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांमधून जमलेल्या रयतेने गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती लागले ते रस्त्यात जाळले. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेलं आणि तीसहून अधिक गावांना त्याची झळ लागली. निबंधात मी एकच मुद्दा लढवला होता: लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. सावकाराला मारण्यापेक्षा त्याच्याकडचं खत, म्हणजे कर्जाचा लेखी दस्त, नष्ट करणं त्यांना महत्त्वाचं वाटलं, कारण कोर्टात उभं राहत होतं ते खत. २२ पानं, भरपूर तळटीपा, मुद्दा सिद्ध झाला, निबंध संपला.

पुस्तकाचा विषय निघाला तेव्हा हस्तलिखितं 'वाढवून' देणाऱ्या एका सेवेकडे मी चौकशी केली. त्यांनी आराखडा पाठवला: प्रस्तावना लांबवा, ब्रिटिश राजवटीवर एक सर्वसाधारण प्रकरण घाला, शेवटी शेतकरी चळवळींचा आढावा द्या. म्हणजे आमटीत पाणी वाढवायचं. मी नकार दिला आणि तो नकार मला आजही बरोबर वाटतो. निबंधाचं पुस्तक होतं ते पानं वाढवून नव्हे. निबंध एका मुद्द्याभोवती उभा असतो आणि पुरावा त्या मुद्द्याच्या सोयीने मांडलेला असतो. पुस्तक मात्र काळाभोवती आणि माणसांभोवती उभं राहतं. वाचकाला बुधवारनंतर गुरुवारी काय झालं हे हवं असतं. कोण कुठून आलं, कोणाकडे किती कर्ज होतं, फौजदार कधी पोचला, हे हवं असतं. तेच कागद पूर्णपणे उलगडून वेगळ्या क्रमाने लावावे लागतात. ट्रॉपी नेमकं एवढंच काम करतं आणि फार चांगलं करतं.

हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग सेंटरमध्ये इतिहासाच्या लोकांनीच इतिहासाच्या लोकांसाठी बनवलं आणि २०१७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. वापरताना ते जाणवतं. साधे फोटो दाखवणारे प्रोग्रॅम फोटोला एकक मानतात. ट्रॉपी कागदाला एकक मानतं. चार पानी पत्राचे चार फोटो असतील तर ते निवडून एकत्र करायचे की त्यांचा एक 'आयटम' तयार होतो. मग त्या आयटमला शीर्षक, लेखक, तारीख, कुठल्या दप्तरातला, कुठल्या खंडातला हे सगळं एकदाच लिहायचं. एका खंडातले पन्नास आयटम एकदम निवडून खंडाचा क्रमांक सगळ्यांना एका फटक्यात देता येतो. पीडीएफही आत घेता येते, आणि हे मला फार कामाचं ठरलं, कारण दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल मुळात छापील आहे आणि तो मी स्कॅनवरूनच वाचत होते. मुंबईत काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथल्या महसूल खात्याच्या खंडांमधून उतरवलेलं टिपण आणि हा छापील अहवाल पहिल्यांदा एकाच पडद्यावर शेजारी शेजारी बसले.

सुरुवातीला जे साचे मिळतात ते परदेशी अभिलेखागारांच्या सवयीचे आहेत. 'बॉक्स', 'फोल्डर' वगैरे. पण साचा आपला आपण करता येतो आणि प्रत्येक रकान्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं, तेही मराठीत. मी 'खाते', 'खंड', 'पान', 'गाव', 'तालुका', 'बोलणारा कोण' असे रकाने केले. ज्यांना इंग्रजीचा धाक वाटतो त्यांनी घाबरू नये. मेनू इंग्रजीत आहेत, पण रोज ज्या पडद्यासमोर बसायचं तो माझ्याकडे बहुतेक मराठीतच दिसतो.

सगळ्यात उपयोगी पडला तो तारखेचा दुसरा रकाना, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने १६ मे १८७५ ला लिहिलेलं एक पत्र आहे. शनिवारी, १५ मेला, आपण सुप्याला पोचलो असं तो लिहितो. एका सावकाराचं घर जळालेलं, सुमारे डझनभर घरं फोडून पार रिकामी केलेली. हिशेबाचे कागद, रोखे, धान्य, देशी कापड रस्त्यात जाळलेलं आणि राखेचे ढीग अजून तिथेच दिसतात, असं तो सांगतो. चीफ कॉन्स्टेबलने ५० जणांना धरलं. २,००० रुपयांचा चोरीचा माल परत मिळाला. नुकसानीचा अंदाज २५,००० रुपयांच्या वर, सावकार मात्र एक लाखाच्या वर सांगतात.

निबंधात या पत्राला एक तळटीप मिळाली होती. 'कागद जाळले' एवढंच मला तिथे हवं होतं. ट्रॉपीत तारीख लिहिताना प्रश्न आला: कुठली तारीख? पत्र १६ चं, डोळ्यांनी पाहिलं १५ ला, घटना १२ ची. साच्यात काळ दाखवणारा डब्लिन कोअरचा (नोंदींच्या रकान्यांची एक प्रमाण पद्धत) एक रकाना मिळतो, त्याला मी 'घटनेची तारीख' असं नाव दिलं आणि कागदाची तारीख वेगळी ठेवली. मग सगळे आयटम घटनेच्या तारखेने लावले की एक माळ दिसते आणि कागदाच्या तारखेने लावले की दुसरीच. पहिली माळ गावात काय झालं ते सांगते, दुसरी सरकारला कधी काय कळलं ते. बुधवार ते शनिवार हे जे तीन दिवस मधे जातात, ते निबंधात अस्तित्वातच नव्हते. पुस्तकात त्यांचं एक आख्खं प्रकरण झालं, कारण राखेचे ढीग तीन दिवस भर रस्त्यात तसेच पडून राहतात याचा अर्थ गावात त्या तीन दिवसांत कोणाचा वचक होता आणि कोणाचा नव्हता, हे विचारावंच लागतं. मेच्या उन्हाळ्यात, वाऱ्यात, सुप्याच्या पेठेत. हा प्रश्न मला माझ्या मुद्द्याने कधीच सुचवला नसता.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी इंग्रजी आकड्यांत द्यायची. नुसता महिना माहीत असेल तर तेवढाच दिला तरी चालतो, 'सुमारे' असं दाखवायचीही सोय आहे. शके त्याला कळत नाही. सावकारी खतावर शके १७९७ असेल तर इंग्रजी तारीख काढून रकान्यात टाकायची आणि मूळ मिती टिपणात जशीच्या तशी उतरवायची. ही मिती गाळू नका. पंचांग हाताशी ठेवून दोन्ही ताडून पाहायची सवय लावा.

दुसरी मोठी सोय म्हणजे पानाचा एक तुकडा निवडून त्याला स्वतंत्र टिपण देता येतं. वरच्या त्या पत्राचे मी असे तुकडे केले: राख, अटक, परत मिळालेला माल, नुकसानीचे दोन आकडे. २५,००० आणि एक लाख हे दोन आकडे एका ओळीत शेजारी आहेत. एक अधिकाऱ्याचा, एक सावकारांचा. टॅग तुकड्याला नाही, आख्ख्या आयटमला लागतो. म्हणून त्या पत्राला 'नुकसानीचे आकडे' असा टॅग लावला, आणि पुढे दुसऱ्या गावांचे तसे तुकडे असलेले अहवाल त्याच टॅगखाली जमत गेले. पानभर मजकुरात जे डोळ्यांखालून निसटतं ते असं कापून ठेवलं की निसटत नाही. टॅगचा आणखी एक फायदा: इंग्रजी कागदांत गावांची नावं तऱ्हेतऱ्हेने लिहिलेली असतात, एकच सुपे तीन-चार रूपांत भेटतं. टॅग मराठीत एकच ठेवायचा, मग कुठल्याही स्पेलिंगचा कागद त्याच्याखाली सापडतो. म्हणून मी शोधखिडकीपेक्षा टॅगवर जास्त विसंबते.

आता याद्या. ट्रॉपीत याद्या करता येतात, यादीत पोटयादी करता येते आणि एकच कागद कितीही याद्यांत ठेवता येतो. मी प्रत्येक प्रकरणाची एक यादी केली. खरं सांगायचं तर पुस्तकाचा सांगाडा मी वर्डमध्ये लिहिलाच नाही, तो या याद्यांमध्ये उभा राहिला. निबंधाचा काळ दोन महिन्यांचा होता. याद्या करायला लागल्यावर काळ मागे सरकत गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं ठरवलं. हेतू हा की व्याज साचत जाऊ नये. झालं उलट: दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, न फिटलेलं मुद्दल आणि व्याज मिळून नवं मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसाचा तीन चतुर्थांश हिस्सा तोवर तिथून येई. तो बंद पडताच दख्खनच्या कापसाला भाव आला, सावकार मोकळ्या हाताने उचल देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, उचल आटली. आणि नेमक्या त्याच सुमाराला, १८६७ पासून, नव्या जमाबंदीने शेतसारा वाढला, कुठे दीडपट तर कुठे दुप्पट. प्रत्येकाची वेगळी यादी झाली आणि प्रत्येक यादीत किती कागद आहेत ते समोर दिसत होतं.

शिरूर तालुक्यातल्या कर्ड्याची यादी मला विशेष प्रिय आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथे सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची जमीन कसायची नाही, न्हावी, परीट, सुतार, लोहार कोणीही त्यांचं काम करायचं नाही. म्हणजे सुप्यात वह्या जाळण्याच्या पाच महिने आधी लोक शांततेच्या वाटेने सगळं करून पाहत होते. निबंधात हे एका वाक्यात उरकलं होतं. पुस्तकात हे आधी आलं की सुप्याचा बुधवार अचानक भडकलेला वाटत नाही.

रिकामी यादी हीसुद्धा एक माहिती असते, हे मला ट्रॉपीमुळे रोज दिसत राहिलं. रयतेची यादी भरली होती. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावहून कलेक्टरला गेलेला अर्ज त्यात होता: उधारीवर घेतलं तर कापडाला आणि धान्याला रोखीपेक्षा २५ ते ५० टक्के जास्त भाव लावतात, शेतातला माल उचलून नेतात, खात्यावर जमा करू म्हणतात आणि करत नाहीत, पावती मागितली तर देत नाहीत. असा अर्ज वाचला की लिहिणाऱ्याचा हात आपोआप एका बाजूला झुकतो. पण शेजारची 'सावकार' ही यादी जवळजवळ रिकामी होती, आणि पडद्यावर ती तशी दिसत असताना पुढचं प्रकरण लिहायला माझं मन धजेना. आयोगाने रयतेच्या जबान्या घेतल्या तशा सावकारांच्या आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्याही घेतल्या होत्या. त्या परत मुळापासून वाचल्या. उधार देणाऱ्या माणसाची अडचण काय, त्याच्यावर कोणाचं देणं होतं, दंग्यानंतर तो गावात राहिला कसा, हे प्रश्न घेऊन वाचल्या. पुस्तकात आता सावकारही माणूस म्हणून येतो, ज्यांची घरं फोडली ती कुटुंबं म्हणून येतो, आणि त्यामुळे रयतेची बाजू दुबळी झाली नाही, उलट पक्की झाली.

'बोलणारा कोण' हा रकानाही याच कामाचा. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. सरकारने त्याला खास विचारलं होतं की शेतसाऱ्यामुळे हे झालं का, आणि आयोगाने साऱ्याला दोषमुक्त करून सावकाराकडे बोट दाखवलं. हे ठाऊक असल्याशिवाय त्यातली एकही ओळ वापरू नये. माझ्याकडे प्रत्येक तुकड्यावर नोंद आहे: अधिकारी, रयत, सावकार, आयोगाचा निष्कर्ष. शेवटचा प्रकार मी पुराव्यासारखा वापरत नाही, घटनेसारखा वापरते. १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा ज्यातून आला, ती एक घटनाच होती. त्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला. ज्या कागदासाठी सुप्यात आग लागली, त्या कागदाचा शब्द अखेरचा राहिला नाही. निबंध संपला होता तिथून हे प्रकरण पुढे जातं.

आता मर्यादा, कारण त्या जाणून घेऊनच हात घालावा.

ट्रॉपी मोडी वाचून देत नाही. ज्याला मोडी येत नाही त्याने मोडी शिकावी किंवा जाणकाराकडे जावं, दुसरा मार्ग नाही. वाचलेलं लिप्यंतर टिपणात टाकलं की फोटो आणि मजकूर एकत्र राहतात, तेवढी सोय आहे. मोबाइलवर ट्रॉपी नाही. दोघांनी दोन गावांहून एकाच प्रकल्पावर एकाच वेळी काम करणं हे त्याच्या कल्पनेतच नाही, ते एकट्याने काम करणाऱ्यासाठी आहे. प्रकल्प सुरू करताना फोटो त्याच्या आत ठेवायचे की बाहेर तुमच्या फोल्डरमध्येच ठेवून नुसता दुवा द्यायचा, हे निवडावं लागतं. दुवा निवडला आणि पुढे फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं तर फोटो दिसेनासे होतात. नवख्यांनी फोटो आत ठेवण्याचा पर्याय घ्यावा, जागा जास्त लागली तरी चालेल, आणि सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर नियमाने घ्यावी. जुना लॅपटॉप असेल तर मोठ्या पीडीएफ आत घेताना वेळ लागतो, तेव्हा अहवालाचे भाग पाडून घ्यावेत.

आणि ट्रॉपी लिहीत नाही. पुस्तकं आणि लेख यांच्या नोंदी मी झोटेरोत ठेवते, कागद ट्रॉपीत, लिखाण वर्डमध्ये. हे तिन्ही एकाच सॉफ्टवेअरने करावं असा हट्ट धरू नये. यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, स्वरूपात बाहेर काढायचं प्लगिन आहे. प्रत्येक प्रकरण लिहायला घेण्याआधी मी त्या यादीचा छापील कागद काढून टेबलावर ठेवते: तारीख, गाव, बोलणारा, खंड, पान. लिहिताना डोळा त्या कागदावर असतो, लॅपटॉपवर नव्हे. तळटीपा लावायच्या वेळी हाच कागद पुन्हा कामी आला. खंड आणि पान प्रत्येक ओळीत असल्यामुळे एकाही तळटीपेसाठी परत शोधाशोध करावी लागली नाही.

किती वेळ लागतो, असं विद्यार्थी विचारतात. नोंदी करणं हे सावकाश करायचं काम आहे आणि त्यात घाई करू नये, कारण नोंद करतानाच कागद दुसऱ्यांदा वाचला जातो. पहिल्यांदा आपण तो निबंधासाठी वाचलेला असतो, हवं ते उचलून. दुसऱ्यांदा 'गाव', 'तारीख', 'बोलणारा' हे रकाने भरायचे म्हणून पूर्ण वाचावा लागतो. माझ्या पुस्तकातली निम्मीअधिक माणसं या दुसऱ्या वाचनात भेटली.

आपण केलेला साचा फाइल म्हणून बाहेर काढून दुसऱ्याला देता येतो. मी माझा मराठी रकान्यांचा साचा आमच्या विभागातल्या एम.ए.च्या मुलांना दिला आहे. एक मुलगी इंदापूर तालुक्यातल्या १८६७ च्या जमाबंदीवर काम करते आहे. तिने त्यात 'जुना आकार' आणि 'नवा आकार' असे दोन रकाने घातले, गाववार भरले आणि परवा ती यादी घेऊन माझ्याकडे आली. कुठल्या गावाचा सारा किती वाढला ते त्यात ओळीने आहे. माझ्या तिसऱ्या प्रकरणात मी हे सगळं दीड परिच्छेदात सांगितलं होतं. तिच्या परवानगीने, तिच्या नावानिशी, तो तक्ता आता परिशिष्टात जाणार आहे, आणि तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं आहे.